वर्गात दुसरं माणूस हवं

जपान सरकारची एक योजना आहे. परदेशातल्या पदवीधर तरुणांना एका वर्षाच्या करारावर बोलवायचं, सरकारी शाळांमध्ये पाठवायचं आणि तिथल्या इंग्रजीच्या शिक्षकाशेजारी उभं करायचं. जेट या नावाने ती ओळखली जाते. 1987 पासून ती चालू आहे आणि आजवर 75 हजारांहून अधिक तरुण तिच्यातून जाऊन आले आहेत. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत, इथल्या कामगाराला काइझेन आणि फाइव्ह-एस या जपानी कार्यपद्धती तोंडपाठ आहेत, जपानी शिकणारी मुलं तर पुण्यात गल्लोगल्ली सापडतील. तरीही या योजनेबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. पिंपरीतल्या महापालिकेच्या मराठी शाळेत मी निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. त्या योजनेतल्या एका गोष्टीची आमच्या वर्गांना सगळ्यात जास्त गरज होती आणि आजही आहे, म्हणून हा लेख. ती गोष्ट म्हणजे वर्गात शिक्षकाच्या जोडीला दुसरं माणूस.

आमच्या शाळेत शिकलेली एक मुलगी सध्या या योजनेतून शिमाने प्रांतातल्या एका छोट्या गावात आहे. वडील भोसरी एमआयडीसीत प्रेस मशिनवर, आई चार घरची कामं करायची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंग्रजी घेऊन बी.ए., त्याच काळात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी. नंतर काही काळ चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून काम केलं. तिथेच कुणाकडून तरी तिला जेटविषयी कळलं. दिल्लीतल्या जपानी दूतावासाकडे अर्ज केला, मुलाखत दिली आणि निवड झाली. जाण्याआधी पेढे घेऊन घरी आली तेव्हा विचारत होती, "बाई, माझं इंग्रजी तिकडच्या मुलांना चालेल ना?"

तिच्याकडून मी खोदून खोदून माहिती काढते. शाळेत तिला शिक्षकांच्या खोलीत स्वतःचं टेबल आहे. आठवड्यात ती दोन-तीन शाळांमध्ये जाते, कारण गावं ओस पडत चालली आहेत आणि एकेका इयत्तेत मोजकीच मुलं उरली आहेत. शिमाने हा जपानमधल्या सर्वांत विरळ वस्तीच्या प्रांतांपैकी एक. दुपारचं जेवण मुलांबरोबर वर्गातच होतं, वाढायचं काम मुलंच करतात, आणि नंतर सगळे मिळून शाळा झाडतात-पुसतात. इंग्रजीचा तास मात्र तिचा नसतो. तो जपानी शिक्षिकेचा असतो. ही तिच्याबरोबर उभी असते. शिक्षिका हिला विचारते, काल संध्याकाळी काय केलंस? ही खरंखुरं उत्तर देते. मग ही शिक्षिकेला काहीतरी विचारते. शिक्षिका अडखळते, शब्द शोधते, चुकते, हसते आणि उत्तर देते. मुलं हे सगळं पाहत असतात.

हे शेवटचं वाक्य मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, कारण माझ्या वर्गात नेमकं हेच कधी घडू शकलं नाही. मी एकटी होते. संवाद शिकवायचा तर प्रश्नही मीच विचारायचा आणि उत्तरही मीच द्यायचं. मग मुलांनी ते उत्तर एका सुरात म्हणायचं. "हाऊ आर यू?" म्हटलं की अख्खा वर्ग "आय ॲम फाइन" ओरडायचा. ताप अंगात असलेलं मूलही "फाइन"च म्हणायचं. दोन मोठी माणसं इंग्रजीतून एकमेकांशी काही बोलतात, त्यातून एकाला दुसऱ्याचं काही कळतं, हे त्या मुलांनी टीव्हीबाहेर कधी पाहिलेलंच नव्हतं. घरी मराठी, शेजारी हिंदी, कुणाच्या घरी कन्नड किंवा लमाणी. लातूर, बीड, जळगाव, विदर्भ अशा सगळीकडून कारखान्यांच्या ओढीने आलेली कुटुंबं. या मुलांना भाषा शिकता येत नाही असं कुणी म्हणत असेल तर मी ते ऐकून घेणार नाही. दिवाळीपर्यंत ती शेजारच्या पोराची भाषा उचलायची. ती भाषा त्यांच्या कानावर दोन जिवंत माणसांच्या बोलण्यातून पडत होती, एवढाच फरक.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. तोवर ते पाचवीपासून असे. हा निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आमच्या पिंपरी-चिंचवडचेच. चिंचवडचं नाट्यगृह आज त्यांच्या नावाने आहे. त्या निर्णयावर तेव्हा खूप टीका झाली. मी त्याच्या बाजूने होते, आजही आहे. कामगाराच्या मुलाला इंग्रजी पाचवीत आणि साहेबाच्या मुलाला बालवाडीत, ही विषमता त्यांना मोडायची होती आणि ती मोडायलाच हवी होती. पण निर्णयाबरोबर माणसं आली नाहीत. ज्यांनी स्वतःचं डी.एड. मराठीतून केलं होतं, ज्यांना इंग्रजीतून चार वाक्यं बोलायचा सराव नव्हता, त्या प्राथमिक शिक्षकांवर एका जूनमध्ये हा विषय आला. काही दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, बालभारतीचं पुस्तक मिळालं. पुस्तक चांगलं होतं. गाणी होती, चित्रं होती. ते गाणं म्हणायला लाजणारी शिक्षिका आणि तिच्यापुढे गच्च भरलेला वर्ग, याचं काय करायचं हे मात्र पुस्तकात नव्हतं.

पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मराठी शाळेत इंग्रजी आहे पण येत नाही, असं पालकांना वाटलं आणि ते खासगी इंग्रजी शाळेकडे वळले. तिसऱ्या पाळीला ओव्हरटाइम करून फी भरणारे बाप मी पाहिले आहेत. त्यातल्या कित्येक शाळांमध्ये शिकवणारी बाई आमच्याइतकीच अडखळत होती. फक्त तिला अडखळायचीही मुभा नव्हती, म्हणून ती फळ्यावर उत्तरं लिहून देत होती आणि मुलं ती उतरवून घेत होती. मराठी धड नाही, इंग्रजी धड नाही अशी एक पिढी आपल्या डोळ्यांसमोर मोठी झाली. 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर राज्यभर रान पेटलं आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. कोणती भाषा आणि कितवीपासून, यावर आपण महिनोन् महिने भांडतो. ती शिकवायला वर्गात किती माणसं असतील, हा प्रश्न त्या साऱ्या गदारोळात मला कुठे ऐकू आला नाही.

जपानने हा प्रश्न विचारला तो काही शुद्ध शैक्षणिक कळकळीने नव्हे, हेही सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात जपानी गाड्या आणि टीव्ही अमेरिकेत धो-धो विकले जात होते, व्यापारावरून वॉशिंग्टन चिडलं होतं, जपान फक्त विकतो आणि स्वतःची दारं बंद ठेवतो असा आरोप होत होता. पंतप्रधान नाकासोने यांच्या काळात त्यावर जी उत्तरं शोधली गेली त्यातलं हे एक. परदेशी तरुणांना मोठ्या संख्येने बोलावण्याची कल्पना मुळात गृहव्यवहार खात्यातून पुढे आली. शिक्षण खातं तर नाखूश होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी आणि ब्रिटिश तरुणांना बोलावणाऱ्या दोन छोट्या योजना आधीच चालू होत्या, त्या यात मिळवल्या. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चारच देशांतून 848 जण आले.

मला त्यातली पैशाची व्यवस्था विशेष महत्त्वाची वाटते. या तरुणांना नेमतात ती प्रांतांची, शहरांची, गावांची शिक्षण मंडळं. खर्चाची तरतूद केंद्र सरकार स्थानिक संस्थांना जो करांचा वाटा देतं त्यातून होते. त्यामुळे टोकियोइतकंच हक्काने एखादं कोळ्यांचं खेडंही असा साहाय्यक मागू शकतं. पगारही सन्मानाचा. बरीच वर्षं तो पहिल्या वर्षाला 33 लाख 60 हजार येन होता, 2025 मध्ये तो 40 लाखांच्या वर नेला. करार एका वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो. आणि नियम असा की वर्गाची जबाबदारी परवानाधारक जपानी शिक्षकाचीच. आलेला तरुण साहाय्यक राहील, शिक्षकाची जागा घेणार नाही.

या योजनेचे दोष मला ठाऊक आहेत, माझी विद्यार्थिनीही ते लपवत नाही. काही शिक्षक साहाय्यकाचा उपयोग केवळ धडा मोठ्याने वाचून दाखवायला करतात. जपानमध्येच त्याला जिवंत टेपरेकॉर्डर म्हणून नावं ठेवली जातात. प्रवेश परीक्षा जवळ आल्या की माध्यमिक शाळेत गप्पांचा तास मागे पडतो आणि व्याकरण पुढे येतं. बऱ्याच नगरपालिकांनी जेटऐवजी खासगी कंपन्यांकडून कंत्राटावर साहाय्यक घ्यायला सुरुवात केली आहे. तिथे पगार कमी आणि नोकरीची शाश्वतीही नाही. इतकी वर्षं होऊनही ईएफ या संस्थेच्या 2024 च्या इंग्रजी क्रमवारीत जपान 116 देशांमध्ये 92 वा होता. ती क्रमवारी स्वखुशीने चाचणी देणाऱ्यांवर बेतलेली असते, तेव्हा तिच्यावर फार विसंबू नये; पण जपानी लोक इंग्रजी बोलायला कचरतात हे चाकणच्या कुठल्याही सुपरवायझरला विचारा, तो सांगेल.

मग मी कशाच्या बळावर या योजनेची बाजू घेते? भाषा बोलण्याआधी भाषेची भीती जावी लागते, आणि ती माणसाच्या सहवासाने जाते, हे मी वर्गात पाहिलं आहे. जपानच्या शिक्षण खात्यालाही हे उशिरा पटलं असावं. 2011 पासून पाचवी-सहावीत इंग्रजीचे खेळ-गप्पा सुरू झाल्या, 2020 पासून त्या इयत्तांना तो रीतसर विषय झाला आणि गप्पा तिसरी-चौथीपर्यंत खाली आल्या. लहान वयात परीक्षेचा धाक नसतो. तिथे हा साहाय्यक खरा खुलतो.

आणि एक गोष्ट गुणांच्या तक्त्यात बसणारी नाही. 11 मार्च 2011 च्या भूकंपाच्या वेळी टेलर अँडरसन ही व्हर्जिनियाची 24 वर्षांची तरुणी इशिनोमाकीच्या शाळांमध्ये जेटची साहाय्यक होती. मुलांना पालकांच्या हाती सुखरूप सोपवलं जाईपर्यंत ती शाळेत थांबली, मग सायकलवरून घरी निघाली आणि त्सुनामीत गेली. रिकुझेनताकाता इथे माँटी डिक्सन हा अलास्काचा तरुणही असाच गेला. टेलरला पुस्तकांचं वेड होतं म्हणून तिच्या आईवडिलांनी इशिनोमाकीच्या शाळांना इंग्रजी पुस्तकांची कपाटं भेट दिली. ती कपाटं बनवली एंदो शिनइची या सुताराने. त्याची स्वतःची तिन्ही मुलं त्या लाटेत गेली होती. शाळेत आलेल्या परक्या माणसाशी एखादं गाव इतकं बांधलं जातं. मराठी शिक्षकांना जपानी शाळा माहीत आहे ती 'तोत्तोचान' या पुस्तकामुळे. इशिनोमाकीची ही कपाटंही त्यांना माहीत असायला हवीत.

आता आपल्या मुलांकडे येते. सुरुवातीच्या चार देशांची यादी आज पन्नासहून अधिक देशांपर्यंत गेली आहे. फिलिपिन्स, जमैका, दक्षिण आफ्रिका इथले तरुण जपानी मुलांना इंग्रजी शिकवायला मदत करतात. भारतही त्या यादीत आहे, पण आपल्याकडून जाणारे फार थोडे. कारण मला दिसतं ते असं, की इंग्रजी शिकवण्याचा अधिकार ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांचाच, हे आपण मनोमन मान्य करून टाकलं आहे. माझ्या विद्यार्थिनीने पेढ्याचा पुडा हातात घेऊन विचारलेला प्रश्न तिथूनच आला होता. मला याच्या नेमकं उलट वाटतं. जी मुलगी इंग्रजी न येणाऱ्या घरातून आली, जिने शब्द जमवत, चुकत, हशा सोसत ती भाषा मिळवली, तिला समोरच्या मुलाची अडचण कुठे आहे हे लगेच दिसतं. शिमानेच्या मुलांना तिने सांगितलं की माझ्या आईला इंग्रजीचं एक वाक्य येत नाही, मीसुद्धा तुमच्याएवढी असताना वर्गात गप्प बसायचे. त्या दिवसानंतर शाळा झाडायच्या वेळी एक अगदी अबोल मुलगा तिच्याजवळ येऊन एकेक वाक्य बोलून जाऊ लागला. तिला त्याचा फार आनंद आहे. मलाही आहे.

पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या पदवीधरांना म्हणून सांगते: साहाय्यक शिक्षकाच्या पदासाठी कोणत्याही विषयाची पदवी आणि चांगलं इंग्रजी लागतं. अध्यापनाची पदविका किंवा जपानी येणं ही सक्तीची अट नाही. ज्यांचं जपानी उत्तम आहे त्यांच्यासाठी नगरपालिकांमधलं आंतरराष्ट्रीय समन्वयकाचं पद वेगळं आहे. दिल्लीतल्या दूतावासाच्या सूचनांवर लक्ष ठेवा आणि अर्ज करा. 2025 च्या ऑगस्टमध्ये भारत आणि जपानच्या पंतप्रधानांनी पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यात आपली मुलं फक्त कारखान्यात आणि वृद्धांच्या शुश्रूषेसाठी जावीत असं नाही. ती शाळेतही उभी राहू शकतात.

पण माझा मोठा आग्रह इथल्या वर्गांसाठी आहे. आपल्याकडे या दिशेने काहीच नाही असं नव्हे. टीच फॉर इंडियाने 2009 मध्ये मुंबई आणि पुण्यातूनच सुरुवात केली, आणि चांगले पदवीधर दोन वर्षं वस्तीतल्या शाळांमध्ये शिकवू लागले. त्यांच्याविषयी मला आदर आहे. तिथे तो पदवीधर वर्ग स्वतः घेतो. मला हवा आहे तो शेजारी उभा राहणारा, म्हणजे तो गेल्यावरही शिक्षिकेत काही उरेल. 2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, पदवीधराला महिना 10 हजार रुपये विद्यावेतन. त्यातले कितीतरी तरुण शाळांमध्येही नेमले गेले. आधी सहा महिने, मग मुदत वाढवून अकरा. मी काही शाळांमध्ये जाऊन त्यांना भेटले. हुशार, उत्साही मुलं. कुणाला ऑनलाइन माहिती भरायला बसवलं होतं, कुणी पोषण आहाराच्या नोंदी ठेवत होतं, कुणाला रिकामा वर्ग सांभाळायला दिला होता. शाळेत त्यांनी नेमकं काय करायचं हे ठरवूनच दिलं नव्हतं. मुदत संपल्यावर ती मुलं आंदोलनाला बसली, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

माझे जुने सहकारी इथे मला अडवतात. असा साहाय्यक आला की सरकार शिक्षकच भरणार नाही, स्वस्तातलं माणूस मिळालं म्हणून त्यावरच भागवेल, असं ते म्हणतात. कमी मानधनावर शिक्षक नेमणाऱ्या शिक्षणसेवक योजनेचा अनुभव पाहता ही भीती खरी आहे. 3 हजार रुपयांवर लोकांनी वर्षं काढली, 2023 मध्ये कुठे प्राथमिकचं मानधन 16 हजारांवर गेलं. म्हणून साहाय्यक शिक्षकाची जागा घेणार नाही हा जपानचा नियम आपण इथे असा लावावा: जिथे मंजूर शिक्षकाची जागा भरलेली आहे तिथेच साहाय्यक द्यायचा, रिकाम्या जागेवर कधीच नाही. त्याला वर्ग एकट्याने घ्यायला सांगायचं नाही, जनगणना-निवडणुकीची कामं द्यायची नाहीत. दोघांनी आठवड्याचं नियोजन एकत्र बसून करायचं, आणि ती वेळ वेळापत्रकात छापलेली असायची.

पिंपरी-चिंचवड महापालिका पैशाने गरीब नाही. स्मार्ट सिटीतून शाळांना ई-क्लासरूम मिळाल्या, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून स्वच्छतागृहं, बाकं, संगणक आले. ते हवंच होतं. आता त्याच कंपन्यांनी, आणि त्यात चाकणच्या जपानी कंपन्यांनी पुढाकार घेऊन, पडद्यांऐवजी माणसांचा खर्च उचलावा. कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के द्यायचेच आहेत. शहरातल्या महाविद्यालयांमधून इंग्रजीचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात आणि कॉल सेंटरच्या बसची वाट पाहतात. त्यातले महापालिका शाळांमधून शिकलेले आधी निवडा. सन्मानाने जगता येईल एवढं मानधन द्या, उन्हाळ्यात महिनाभराचं चांगलं प्रशिक्षण द्या आणि दोन वर्षांचा करार करा.

सुरुवातीला सगळ्या शाळांना नको. वस्तीतल्या दहा मराठी शाळा निवडा, पहिली ते चौथी एवढाच टप्पा घ्या. आयुक्तांनी आणि शिक्षण विभागाने हा प्रस्ताव अर्थसंकल्पाआधी मागवावा, म्हणजे येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा त्या दहा शाळांच्या इंग्रजीच्या तासाला दोन माणसं उभी असतील. निवड आणि प्रशिक्षणाच्या कामात माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामूल्य मदत करायला तयार आहेत.